झेडएफएस काढून टाकताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

झेड/ओएस या आयबीएम मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या युनिक्स बाजूच्या फाइल्स झेडएफएस फाइल सिस्टीममध्ये राहतात, आणि झेडओएसएमएफ या व्यवस्थापनाच्या साधनाच्या रेस्ट (एचटीटीपीवरून चालणाऱ्या) इंटरफेसमधून अशी अख्खी फाइल सिस्टीम एका रिक्वेस्टमध्ये उडवता येते. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न त्या एका रिक्वेस्टभोवतीच फिरतात. पत्ते, कमांड आणि मेसेज इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते अर्थातच रोमन लिपीत जातील, आणि डेटासेटची (मेनफ्रेमवरच्या फाइलींची) नावं कॅपिटल अक्षरांत.

प्रश्न : एक प्रकल्प बंद झाला. त्याच्या चार झेडएफएस फाइल सिस्टीम काढायच्या आहेत. आजवर हे काम टीएसओमधून (झेड/ओएसवर कमांड देण्याच्या सत्रातून) व्हायचं, आता स्क्रिप्टमधून रेस्टने करायला सांगितलं आहे. नेमका क्रम काय ठेवावा?

उत्तर : काढण्याची रिक्वेस्ट एका ओळीची आहे. पद्धत डिलीट, पत्ता /झेडओएसएमएफ/रेस्टफाइल्स/एमएफएस/झेडएफएस/ आणि त्यापुढे फाइल सिस्टीमचं पूर्ण नाव. बॉडी पाठवायची नाही. एक्स-सीएसआरएफ-झेडओएसएमएफ-हेडर नावाचा हेडर मात्र हवाच. त्यात काय लिहिलं आहे याला महत्त्व नाही, पण तो नसेल तर सर्व्हर रिक्वेस्ट आत घेत नाही. काम झालं की २०४ हा एचटीटीपीचा यशाचा आकडा येतो, सोबत मजकूर नसतो. ‘नक्की काढायचं ना?’ असं कोणी विचारत नाही आणि मागे घेण्याची सोय नाही. त्यामुळे जी काळजी घ्यायची ती या ओळीच्या आधी, आणि ती तुमच्या स्क्रिप्टनेच घ्यायची.

सुरुवात बीपीएक्सपीआरएमएक्सएक्स मेंबरपासून करा; सिस्टीम सुरू होताना कोणत्या फाइल सिस्टीम माउंट करायच्या, म्हणजे डिरेक्टरीच्या झाडाला जोडायच्या, ते त्यात लिहिलेलं असतं. तिथे या फाइल सिस्टीमचं माउंट वाक्य असेल तर आधी ते काढा. राहिलं तर आज काहीच कळणार नाही. पुढच्या आयपीएलला (सिस्टीम नव्याने सुरू होताना) मात्र फाइल सिस्टीम माउंट झाली नाही असा मेसेज कन्सोलवर येईल आणि ड्युटीवरचा माणूस नसलेली वस्तू शोधत बसेल. /ईटीसी/आरसी आणि ऑटोमाउंटचे (गरज लागली की आपोआप माउंट करण्याचे) मॅपही त्याच वेळी पाहा.

मग सध्याची स्थिती विचारा. गेट पद्धतीने /झेडओएसएमएफ/रेस्टफाइल्स/एमएफएस या पत्त्यावर, एफएसनेम या पॅरामीटरमध्ये नाव देऊन. उत्तरात माउंटपॉइंट, मोड, फाइल सिस्टीमचा प्रकार अशी माहिती मिळते. माउंटपॉइंट स्क्रिप्टला अपेक्षित आहे तोच आहे का, हे तपासा. नसेल तर तिथेच थांबा. चुकीचं नाव पकडण्याची याहून स्वस्त जागा नाही.

यानंतर अनमाउंट. इथे पत्ता बदलतो, आणि नवीन माणूस हमखास इथेच अडखळतो. फाइल सिस्टीम तयार करणं आणि काढणं यांच्या पत्त्यात शेवटी ‘झेडएफएस’ हा तुकडा असतो. माउंट-अनमाउंटच्या पत्त्यात नसतो. तिथे पद्धत पुट, पत्ता /झेडओएसएमएफ/रेस्टफाइल्स/एमएफएस/ आणि लगेच नाव, आणि जेसनच्या बॉडीत ॲक्शन या किल्लीपुढे अनमाउंट. यालाही २०४ येतो.

अनमाउंट झाल्यावरच बॅकअप घ्या (त्याबद्दल शेवटच्या उत्तरात) आणि मग डिलीट पाठवा. क्रम उलटा चालत नाही, कारण झेडएफएस फाइल सिस्टीम म्हणजे मुळात व्हीसॅम या झेड/ओएसच्या साठवणीच्या पद्धतीतला लिनिअर डेटासेट. ती माउंट असते तोवर तो डेटासेट झेडएफएसच्या ताब्यात असतो आणि कॅटलॉगमधून (डेटासेटच्या नोंदवहीतून) काढायला गेलं की ‘वापरात आहे’ असं उत्तर येतं.

शेवटी खात्री करा, पण एमएफएसच्या यादीवरून नाही. ती यादी फक्त माउंट असलेल्यांची असते, म्हणजे अनमाउंट केल्यावर नाव तिथून जाणारच. डेटासेट उडाला की नाही हे त्यातून कळत नाही. डेटासेटच्या यादीला विचारा : गेट, /झेडओएसएमएफ/रेस्टफाइल्स/डीएस, डीएसलेव्हल या पॅरामीटरमध्ये नाव. क्लस्टर (व्हीसॅम डेटासेटची मुख्य नोंद) आणि त्याचा डेटा भाग, दोन्ही गेलेले दिसले पाहिजेत.

माउंटपॉइंटची डिरेक्टरी मागे राहते. ती वरच्या फाइल सिस्टीमचा भाग आहे, ती वेगळी काढावी लागते.

प्रश्न : ‘माउंट नसलेल्या सगळ्या झेडएफएस काढून टाका’ अशी साफसफाईची स्क्रिप्ट लिहिली आहे. एमएफएसची यादी आणि कॅटलॉग यांची वजाबाकी केली की यादी मिळते. ठीक आहे ना?

उत्तर : नाही. माउंट नसलेली म्हणजे नको असलेली, हे समीकरण मेनफ्रेमवर चालत नाही. पुढच्या आयपीएलसाठी तयार ठेवलेली नवी व्हर्जन रूट, मेंटेनन्ससाठी काढलेल्या प्रती, पर्यायी रूट, फक्त गरज लागली की ऑटोमाउंट होणाऱ्या लोकांच्या होम डिरेक्टऱ्या, या सगळ्या त्या वजाबाकीत ‘बेवारस’ दिसतील. शिवाय यादी तुमच्या सिसप्लेक्सपुरती, म्हणजे एकत्र जोडलेल्या झेड/ओएस सिस्टीमच्या गटापुरती असते. डिस्क दुसऱ्या सिसप्लेक्सशी वाटून घेतलेल्या असतील तर तिथे माउंट असलेली फाइल सिस्टीमही तुम्हाला मोकळी दिसेल.

आणि हा शेवटचा प्रकार सगळ्यांत वाईट. ‘वापरात आहे’ हे जीआरएस या झेड/ओएसच्या घटकाच्या एनक्यूवरून (कुलुपावरून) ठरतं. एनक्यू त्या दुसऱ्या सिसप्लेक्सपर्यंत पोचत नसेल तर अडवणारं कोणी नाही. डिलीट यशस्वी होईल. पलीकडची सिस्टीम मात्र जुन्या एक्स्टेंटवर (डिस्कवरच्या जागेवर) लिहीत राहील, आणि त्या जागेवर दरम्यान कोणाचा नवा डेटासेट आला असेल तर तोही खराब करेल. वजाबाकी करू नका. काढायच्या नावांची यादी माणसाने लिहावी, स्क्रिप्टने फक्त ती पाळावी.

प्रश्न : नावात # असलेली फाइल सिस्टीम काढायला गेलो तर ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं. कॅटलॉगमध्ये तर ती स्पष्ट दिसते.

उत्तर : ‘सापडत नाही’ आलं हे नशीब समजा. पत्त्यातल्या # नंतरचा भाग एचटीटीपीच्या नियमाप्रमाणे सर्व्हरकडे जातच नाही. तो क्लायंट स्वतःपाशी ठेवतो. ओएमव्हीएस.टेस्ट#२.झेडएफएस काढायला पाठवलं तर सर्व्हरला दिसलं ओएमव्हीएस.टेस्ट, एवढंच. त्या नावाची खरीच फाइल सिस्टीम असती तर तिच्यावर डिलीट गेलं असतं आणि तुम्हाला २०४ मिळाला असता. पत्त्यात # च्या जागी %२३ लिहा.

$ चं दुखणं वेगळं आहे. तो पत्त्यात चालतो, पण युनिक्स शेलमध्ये दुहेरी अवतरणात लिहिलात तर शेल त्याला व्हेरिएबल समजून त्यापुढचा तुकडा गिळून टाकतो. एकेरी अवतरण वापरा. आणि कुठल्याही भाषेत स्क्रिप्ट लिहा, नाव सरळ पत्त्याला जोडण्याऐवजी त्या भाषेच्या एन्कोडिंगच्या फंक्शनमधून न्या. पाठवण्याआधी तयार झालेला पूर्ण पत्ता लॉगमध्ये छापायची सवय असेल तर असं काही घडल्यावर निदान कळतं.

प्रश्न : अनमाउंटच होत नाही. फाइल सिस्टीम बिझी असल्याची चूक येते. आत कोणी दिसत नाही.

उत्तर : चूक क्रमांक ११४, म्हणजे ईबिझी, आणि त्याची कारणं थोडकीच असतात. पहिलं, आत दुसरी फाइल सिस्टीम माउंट केलेली आहे. डीएफ किंवा कन्सोलवर डी ओएमव्हीएस,एफ चालवून तुमच्या माउंटपॉइंटच्या पोटात काही आहे का बघा. असेल तर सर्वांत आतल्यापासून बाहेर या. दुसरं, कोणाची तरी शेल त्या डिरेक्टरीत उभी आहे. फाइल उघडी नसली तरी ‘सध्याची डिरेक्टरी’ म्हणून तिने ती धरलेली असते. तिसरं, वेब सर्व्हर किंवा एनएफएस सर्व्हरसारखं कायम चालणारं काम.

एफयूजर कमांड -सी पर्यायासह माउंटपॉइंटवर चालवली की पीआयडी मिळतात, सोबत -यू दिलं तर युजर आयडीही. सिसप्लेक्समध्ये फाइल सिस्टीम वाटून घेतली असेल तर एका सिस्टीमवर काही दिसलं नाही म्हणून गप्प बसू नका, बाकीच्या सिस्टीमवरही बघा. फाइल सिस्टीमचं स्वतंत्र चित्र हवं असेल तर झेडएफएसअ‍ॅडम एफएसइन्फो चालवा.

रेस्टचं अनमाउंट साधं असतं. जबरदस्ती करायची असेल तर शेलची अनमाउंट कमांड -ओ इमिजिएट पर्यायासह, किंवा टीएसओची अनमाउंट कमांड. इमिजिएट आतल्यांना हाकलतं पण लिहायचं राहिलेलं लिहून घेतं. फोर्स तेवढीही हमी देत नाही, आणि त्याच्या आधी इमिजिएट करून पाहावंच लागतं. फाइल सिस्टीम काढूनच टाकायची आहे, मग डेटा गेला तर गेला, हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण मग बॅकअपमध्ये अर्धवट लिहिलेल्या फाइल्स जातात, आणि सहा महिन्यांनी कोणी त्याच मागतो. कोण बसलं आहे ते शोधून त्याला उठवा.

प्रश्न : आमच्या ऑटोमेशनच्या युजर आयडीला यूआयडी ०, म्हणजे सुपरयुजरचा अधिकार आहे. तरी डिलीटला परवानगी नाकारली जाते. उलट एका सहकाऱ्याला सुपरयुजरचा अधिकार नाही, पण त्याचं डिलीट चालतं!

उत्तर : दोन्ही बरोबर आहे. अनमाउंट हा युनिक्सचा व्यवहार आणि डिलीट हा डेटासेटचा. दोघांचे पहारेकरी वेगळे.

माउंट-अनमाउंटला रॅकफ या सुरक्षा प्रणालीच्या युनिक्सप्रिव्ह क्लासमधला सुपरयुजर.फाइलसिस.माउंट हा प्रोफाइल पुरतो. रीड असेल तर नोसेटयूआयडीने माउंट आणि त्याचं अनमाउंट, अपडेट असेल तर सेटयूआयडीनेही. यूआयडी ० देण्याची गरज नाही आणि ऑटोमेशनच्या आयडीला तो देऊही नये. डेटासेट काढायला रॅकफच्या डेटासेट प्रोफाइलवर ऑल्टर लागतो. आतल्या फाइल्सच्या परवानग्या, मालक, गट यांचा डिलीटशी काही संबंध नाही. तुमच्या सहकाऱ्याकडे ऑल्टर आहे. दुसऱ्या कोणी अनमाउंट करून ठेवलं की त्याचं डिलीट जाणारच.

या दोन्हींच्या आधी एक उंबरठा आहे. झेडओएसएमएफ डेटासेट आणि फाइल्सची कामं एका टीएसओ ॲड्रेस स्पेसमधून करून घेतो. त्यामुळे आयडीला टीएसओ सेगमेंट हवा, आयझेडयूएफप्रॉक या लॉगऑन प्रोसिजरला आणि ठरलेल्या अकाउंट क्रमांकाला रीड हवा, आणि सर्व्हऑथ क्लासमध्ये सीईए.सीईएटीएसओ.टीएसओरिक्वेस्टला रीड. यातलं काही राहिलं तर येणारी चूक डिलीटबद्दल नसतेच, टीएसओ सुरू न झाल्याबद्दल असते. एचटीटीपी आकडा पाहून अंदाज बांधू नका; चूक सांगणाऱ्या जेसनमध्ये कॅटेगरी, आरसी, रीझन, मेसेज आणि बहुधा डिटेल्स असतात. खरं कारण डिटेल्समध्ये दडलेलं असतं, तेव्हा स्क्रिप्टने ते पूर्ण लॉग करावं.

पासवर्ड कमांडमध्येच लिहू नका, प्रोसेसच्या यादीत तो इतरांना दिसू शकतो. आधी /झेडओएसएमएफ/सर्व्हिसेस/ऑथेंटिकेट वर पोस्ट करून टोकन घ्या आणि तेच कुकी म्हणून पुढे पाठवा. काम संपल्यावर त्याच पत्त्यावर डिलीट केलं की लॉगआउट होतं. हे एक डिलीट बिनधास्त करा. आणि सर्टिफिकेटची तपासणी बंद करणारा कर्लचा -के पर्याय अशा स्क्रिप्टमध्ये नको. कोणत्या सर्व्हरला डिलीट पाठवतो आहोत हे ठाऊक असायला हवं.

प्रश्न : एका युजरची होम फाइल सिस्टीम काढली. २०४ आला, कॅटलॉगमधून नाव गेलं. तासाभराने बघतो तर त्याच नावाची फाइल सिस्टीम हजर, आतून रिकामी.

उत्तर : ऑटोमाउंटच्या मॅप फाइलमध्ये ॲलोकेनी किंवा ॲलोकयूजर ओळ आहे. तिचा अर्थ असा की कोणी त्या डिरेक्टरीकडे नुसतं गेलं आणि डेटासेट नसला, तर तो तिथल्या तिथे तयार करून माउंट करायचा. ॲलोकयूजर हे फक्त खऱ्या युजर आयडीच्या नावाला करतो, ॲलोकेनी कुठल्याही नावाला. त्या युजरचं एखादं शेड्यूल केलेलं काम, किंवा सगळ्या होमवरून फिरणारी स्क्रिप्ट, एवढं निमित्त पुरतं. आधी युजर आयडी किंवा त्याचा ओएमव्हीएस सेगमेंट काढा, मग फाइल सिस्टीम. ॲलोकेनी असेल तर तेही पुरणार नाही. मॅपच बदलावा लागेल आणि ऑटोमाउंट कमांड पुन्हा चालवावी लागेल.

प्रश्न : डिलीट पाठवलं आणि वेळ संपल्याची चूक आली. पुन्हा पाठवू का?

उत्तर : आधी कॅटलॉग बघा. उत्तर यायला उशीर झाला म्हणजे काम थांबलं असं नाही. मागे टीएसओमध्ये ते चालू राहून पूर्णही झालेलं असू शकतं. मग दुसऱ्या डिलीटला ‘नोंद सापडली नाही’ असा आयडीसी३०१२आय मेसेज मिळतो आणि स्क्रिप्ट अपयश नोंदवून मोकळी होते. खरं तर ते यश असतं. आणि वरच्या उत्तरासारखं मधल्या वेळेत त्याच नावाने नवं काही तयार झालं असेल, तर दुसरं डिलीट त्याच्यावर पडेल.

उशिराची कारणं ओळखीची आहेत. टीएसओ ॲड्रेस स्पेस नव्याने उभी राहत असते. डेटासेट एचएसएम या साठवण सांभाळणाऱ्या प्रोग्रामने मायग्रेट केलेला (दुसरीकडे हलवलेला) असला तर डिलीट एचएसएमच्या रांगेत थांबतं. आणि प्रोफाइलवर इरेज लावलेलं असेल तर डेटासेटची सगळी जागा आधी पुसली जाते, मोठ्या फाइल सिस्टीमला त्यात वेळ जातोच. एक्स-आयबीएम-रिस्पॉन्स-टाइमआउट हेडरमध्ये सेकंद वाढवून द्या. न दिल्यास ३० धरले जातात, कमाल ६००.

प्रश्न : एचएफएस या झेडएफएसच्या आधीच्या फाइल सिस्टीमचे जुने डेटासेट याच पत्त्याने निघतील का?

उत्तर : तो पत्ता झेडएफएससाठी आहे. एचएफएस व्हीसॅम नाही, झेड/ओएस २.५ पासून तर त्याचं माउंटही होत नाही. टीएसओ किंवा आयडीकॅम्स या डेटासेट हाताळणाऱ्या युटिलिटीच्या डिलीट कमांडने काढा. रेस्टमधूनच हवं असेल तर /झेडओएसएमएफ/रेस्टफाइल्स/एएमएस वर पुट करून आयडीकॅम्सच्या ओळी पाठवता येतात. तिथे मात्र जास्त जपून. आयडीकॅम्सला लिनिअर डेटासेट हा फक्त लिनिअर डेटासेट दिसतो, तो झेडएफएसचा की डीबी२च्या टेबलस्पेसचा याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. रिटेन्शनची तारीख बाकी असलेला डेटासेट साधं डिलीट नाकारतं आणि पर्ज लावल्यावर जातो, म्हणून सगळीकडेच पर्ज लिहून ठेवण्याचा मोह टाळा.

प्रश्न : १,००० सिलिंडरची फाइल सिस्टीम काढली तर किती जागा सुटते?

उत्तर : ३३९० डिस्कवर एका सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक, दर ट्रॅकला झेडएफएसचे ४ केबीचे १२ ब्लॉक. म्हणजे सिलिंडरला १८० ब्लॉक, ७२० केबी. हजाराचे ७,२०,००० केबी, साधारण ७०३ एमबी. पण सुरुवातीला मागितलेला आकडा धरू नका, फाइल सिस्टीम वाढलेली असते. झेडएफएसअ‍ॅडम ॲग्रइन्फो -लाँग आजचा आकार सांगतो. नुसती जागाच हवी असेल आणि फाइल सिस्टीम बरीच रिकामी असेल, तर काढण्याऐवजी झेडएफएसअ‍ॅडम श्रिंकने ती आखडता येते.

प्रश्न : झोवी सीएलआयमधून (झेडओएसएमएफशी बोलणाऱ्या कमांड लाइनच्या साधनातून) केलं तर जास्त सुरक्षित का?

उत्तर : खाली तीच रिक्वेस्ट जाते. झोवी फाइल्स डिलीट झेडएफएस, पुढे नाव, आणि --फॉर-शुअर. हा शेवटचा पर्याय दिल्याशिवाय ती कमांड काढत नाही, एवढीच जास्तीची पायरी. स्क्रिप्टमध्ये तो पर्याय कायमचा लिहिला की तीही उरत नाही.

प्रश्न : चुकून काढलेली परत कशी आणायची?

उत्तर : बॅकअपमधून, दुसरा रस्ता नाही. काढण्याआधी, अनमाउंट झाल्यावर, एडीआरडीएसएसयूने (डीएफएसएमएसडीएसएस या बॅकअपच्या साधनाच्या प्रोग्रामने) त्या डेटासेटचा डंप घ्या. माउंट असतानाच डंप घ्यावा लागला तर डीएफएसएमएसडीएसएस झेडएफएसला काही काळ थांबवून घेतो, पण त्या जॉबमध्ये टॉल(ईएनक्यूएफ) लिहू नका; त्याने हे थांबवणं टळतं आणि आतून मोडलेली प्रत हाती येते. घेतलेला डंप एकदा दुसऱ्या नावाने रिस्टोअर करून फक्त वाचण्यापुरता माउंट करून पाहिला, की तो उपयोगाचा आहे हे कळतं.

घाई नसेल तर आम्ही डिलीटऐवजी आधी नाव बदलायला सुचवू. अनमाउंट करा, आयडीकॅम्सच्या ऑल्टर न्यूनेमने क्लस्टर आणि डेटा भाग दोन्हींची नावं बदला आणि एखादं महिनाअखेरचं चक्र जाऊ द्या. ज्याला ती हवी होती त्याचा फोन तेवढ्यात येतो. न आल्यास नव्या नावावर डिलीट पाठवा.

एचएसएमचा बॅकअप रोज होतो यावर विसंबत असाल तर एच-लिस्ट कमांड बीसीडीएससह (बॅकअपच्या नोंदींसह) चालवून त्या नावाची प्रत खरंच आहे का ते काढण्याआधी बघा. परत आणायला एच-रिकव्हर. मॅनेजमेंट क्लासमधल्या (डेटासेटच्या बॅकअपचे नियम असतात तिथल्या) दोन नोंदीही वाचून ठेवा : डेटासेट काढल्यानंतर किती प्रती ठेवायच्या आणि शेवटची एकच उरलेली प्रत किती दिवस ठेवायची. डेटासेट जिवंत असतानाच्या आकड्यांपेक्षा हे वेगळे असतात, बहुधा कमी. डिलीट झाल्या क्षणापासून हेच आकडे लागू होतात आणि एक्स्पायरबीव्ही (एचएसएमची जुने बॅकअप काढणारी कमांड) पुढच्या वेळी चाललं की जास्तीच्या प्रती गेल्या. चूक लक्षात आली तर पहिला फोन स्टोरेज ॲडमिनिस्ट्रेटरला करा आणि एक्स्पायरबीव्ही थांबवून ठेवायला सांगा.